पायरी आणि सांधा

मिरजेच्या बसस्थानकावर ज्यांनी काही काळ उभे राहून उतारूंकडे लक्षपूर्वक पाहिले असेल, त्यांना त्यांतील रुग्णांची संख्या जाणवल्यावाचून राहिली नसेल. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली या गावी रुग्णालय उघडले, आणि त्या एका संस्थेच्या आश्रयाने पुढे वैद्यकाची जी मोठी पेठ येथे वसली, तिच्याकडे जत, आटपाडी, कवठे महांकाळ येथपासून थेट विजापूर-बेळगावच्या मुलुखापर्यंतची माणसे आजही बहुधा सरकारी गाडीनेच येतात. या माणसांपैकी जिला गुडघ्याचे दुखणे दाखवावयाचे आहे अशी एखादी वृद्धा गाडीतून उतरू लागली, म्हणजे डाव्या हाताने दांडा घट्ट धरून, उजवा हात मुलाच्या खांद्यावर टाकून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत ती खाली येते, शेवटच्या पायरीशी थबकते, कारण तेथून जमीन अद्याप हातभर खाली असते, आणि मग डोळे मिटून जड देह खाली सोडते. ही पायरी तेथे का असते, ती काढून टाकण्याचा उद्योग जगात कोणी व केव्हा आरंभिला, आणि त्याच उद्योगाच्या वाटेवर एका गाडीला दुसरी गाडी सांध्याने जोडण्याची विद्या कशी येऊन मिळाली, हा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. किंबहुना गेल्या शंभर वर्षांतील वाहनविद्येच्या इतिहासात वेगाच्या विक्रमांपेक्षा या पायरीच्या कथेला अधिक मान मिळावयास हवा होता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पायरीचे मूळ मालमोटारीत आहे. मालमोटारीचे चाक सुमारे एक मीटर व्यासाचे असते, म्हणून त्याचा आस जमिनीपासून अर्धा मीटर उंच असतो. मागील आसाच्या मध्यभागी चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचा फुगीर गोळा असतो. त्यावर स्प्रिंगच्या पाट्यांना वरखाली होण्यासाठी वीतभर मोकळी जागा सोडावी लागते. आणि या सर्वांच्या वरून पोलादाच्या दोन सरळ तुळयांची, शिडीसारखी दिसणारी चासी पुढून मागपर्यंत जाते. इतके झाल्यावर तिच्यावर लाकडी अगर धातूची फळी टाकली, की ती फळी आपोआपच जमिनीपासून एक मीटर किंवा त्याहूनही अधिक उंचीवर जाऊन बसते. माल चढविणाऱ्या हमालाला ही उंची सोयीची असते, कारण पोते पाठीवरून सरळ हौद्यात टाकता येते. परंतु माणूस स्वतःच्या पायांनी चढतो, आणि त्याच्यासाठी त्या फळीपर्यंत पायऱ्या कापाव्या लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील बहुतेक बसगाड्या अशाच, मालाच्या चासीवर माणसांची पेटी ठेवून, तयार होत असत.

आपल्याकडे तर हा प्रघात फार काळ टिकला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या परिवहन खात्याची पहिली गाडी धावली, तेव्हाच्या ताफ्यात शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. युद्धोत्तर टंचाईच्या त्या काळात जे मिळेल ते घ्यावे आणि त्यावर आपली पेटी चढवावी, याखेरीज खात्याला गत्यंतरही नव्हते. तथापि त्याच काळातील एक प्रयत्न सातारकरांनी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी पुणे-महाबळेश्वर मार्गावर, म्हणजे खंबाटकी ओलांडून वाईस येणाऱ्या व तेथून पसरणीचा घाट चढून पाचगणीस जाणाऱ्या वाटेवर, मॉरिस कमर्शियलच्या चासीवर बांधलेल्या ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ या दोन आरामगाड्या सोडण्यात आल्या. त्यांत दोन्ही बाजूंस दोन-दोन आसने होती, पडदे होते, हिरवट छटेच्या काचा होत्या आणि भिंतीवर घड्याळही होते. प्रवाशाच्या सुखाचा इतका विचार करणाऱ्या त्या कारागिरांचे कौतुक करताना एवढेच ध्यानी ठेवावयाचे, की आसन, पडदा, काच आणि घड्याळ हे सर्व त्यांच्या हाती होते. चासी मात्र परदेशातून जशी आली तशीच स्वीकारणे त्यांना भाग होते, आणि फळीची उंची चासी ठरवीत असते.

चासीलाच हात घालण्याचे धाडस ज्यांनी प्रथम केले त्यांत अमेरिकेतील फेजॉल बंधूंचे नाव अग्रगण्य आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे फ्रँक व विल्यम या दोघा भावांनी १९२१ च्या सुमारास ‘सेफ्टी कोच’ नावाची जी गाडी बाहेर काढली, ती मालमोटारीशी नाते तोडून केवळ माणसांसाठी कल्पिलेली होती. उंच पेटीच्या गाड्या वळणावर कलंडतात हे पाहून त्यांनी चाकांतील आडवे अंतर वाढविले, चौकट खाली आणली, आणि मग चढणे-उतरणेही सुलभ झाले. ध्यानी घेण्याची गोष्ट ही, की खाली आणण्यामागे मूळ हेतू गाडी उलटू नये हा होता. उतारूच्या गुडघ्याला विश्रांती मिळाली ती त्याच्या अनुषंगाने. १९२७ साली याच बंधूंनी ‘ट्विन कोच’ हा नवा कारखाना काढला, तो पुढे ओहायो प्रांतातील केंट या गावी नांदला, आणि १९३८ साली त्या कारखान्यातून ‘सुपर ट्विन’ ही लांबलचक गाडी बाहेर पडली. तिच्या मध्यभागी सांधा होता. मात्र तो फक्त वरखाली वाकत असे, डावी-उजवीकडे वळत नसे, आणि वळणे साधण्यासाठी पुढच्या चाकांबरोबर मागचीही चाके वळविण्याची योजना केलेली होती. रस्त्याच्या चढउतारावर एवढ्या लांब गाडीचा कणा मोडू नये, हा त्या सांध्याचा हेतू. ती गाडी फारशी प्रसार पावली नाही. परंतु सखल तळ आणि सांधा या ज्या दोन कल्पना पुढे अर्धशतकाने एका देहात नांदल्या, त्या दोहोंचे आरंभीचे प्रयत्न एकाच घराण्याच्या हातून व्हावेत, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

सांध्याची खरी वाढ युरोपात, दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. ट्रामचे रूळ उखडले जात होते, शहरे फुगत होती, आणि मजुरीचे दर चढत असल्यामुळे एका चालकाने अधिकाधिक माणसे वाहून न्यावीत अशी वाहतूक खात्यांची निकड होती. प्रथम बसच्या मागे उतारूंचा सुटा डबा बांधून ओढण्याची चाल होती; परंतु १९६० च्या सुमारास पश्चिम जर्मनीने अशा सुट्या डब्यांतून माणसे नेण्यास मनाई केली, आणि दोन्ही भाग आतून जोडलेल्या, मधल्या पडद्यातून ज्यांत सहज ये-जा करता येईल अशा जोडबसला तेजी आली. हंगेरीतील इकारुस कारखान्याने १९७० च्या दशकात काढलेली ‘२८०’ ही गाडी या पिढीची सर्वांत यशस्वी प्रतिनिधी होय; तीन दशकांच्या अवधीत अशा साठ हजारांहून अधिक गाड्या त्या कारखान्यातून बाहेर पडल्या आणि पूर्व युरोपातील असंख्य शहरांचा दैनंदिन व्यवहार त्यांच्या खांद्यावर चालला. तिची रचना अशी, की एंजिन पुढच्या भागात फळीखाली आडवे ठेवलेले, त्याची शक्ती मधल्या आसाला, आणि मागचा भाग केवळ ओढला जाणारा. ओढली जाणारी वस्तू सरळ रेषेत मागे येते, म्हणून सांध्याला विशेष त्रास नसे. परंतु एंजिनच फळीखाली असल्यामुळे फळी उंचच राहिली, आणि पायऱ्याही राहिल्या.

आपल्या मुंबईनेही त्याच सुमारास, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, या दिशेने एक स्वतंत्र पाऊल टाकले होते. बेस्ट या तेथील परिवहन उपक्रमाने पुढे एंजिनाचा व चालकाचा वेगळा ट्रॅक्टर आणि त्याच्या पाठीवर टेकविलेला दुमजली उतारूंचा डबा, अशा गाड्या रस्त्यावर आणल्या. ट्रामगाड्या ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाल्या होत्या आणि त्यांच्या उतारूंचा भार बसवर आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या योजनेची निकड कळते. त्या गाड्यांत सांधा होता, पण तो उतारूंच्या बाहेर होता. चालक एका घरात आणि उतारू दुसऱ्या घरात, असा तो संसार होता.

यापुढचा निर्णायक टप्पा हँबुर्ग शहरात घडला, आणि तो एखाद्या मोठ्या मोटार-कारखान्यात न घडता तेथील शहरवाहतूक कंपनीच्या स्वतःच्या फाल्केनरीड या दुरुस्ती कार्यशाळेत घडला, ही गोष्ट आपल्या राज्य परिवहनाच्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम नोंदवून ठेवावी. त्या कार्यशाळेपुढील प्रश्न अगदी घरगुती होता. शहराच्या साध्या गाड्यांत एंजिन पाठीमागे होते. जोडबसमध्ये ते मध्ये. त्यामुळे सुटे भाग दोन प्रकारचे, कोठार दोन प्रकारचे आणि कारागिरांचे शिक्षणही दोन प्रकारचे ठेवावे लागे. जोडबसचेही एंजिन अगदी मागे, शेवटच्या आसाजवळ ठेवले तर हा दुहेरी खर्च वाचणार होता. पण मग मागची चाके पुढच्या भागाला ढकलणार. आणि निसरड्या रस्त्यावर, वळणाच्या ऐन क्षणी मागून ढकलल्या गेलेल्या गाडीचे दोन भाग अडकित्त्याच्या पात्यांप्रमाणे एकमेकांवर मिटण्याचा मोठा धोका. फाल्केनरीडच्या तंत्रज्ञांनी १९७० च्या दशकात यावर असा उपाय काढला, की दोन भागांमधील फिरत्या चकतीला तेलाच्या दाबावर चालणारे दमक लावावेत, चालकाने चक्र किती वळविले आहे आणि सांधा प्रत्यक्षात किती वळला आहे यांची सतत तुलना करावी, आणि सांधा वाजवीपेक्षा अधिक वळू लागताच तेलाची वाट रोखून त्याला ताठ करावे. या तत्त्वावरच मर्सिडीझ-बेंझची ‘ओ ३०५ जी’ ही ढकलती जोडबस त्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. कोठाराच्या काटकसरीसाठी आरंभिलेल्या या खटाटोपाचा एक परिणाम मात्र पुढे फार दूरवर पोहोचला: एंजिन, दांडे आणि दात्यांची चाके ही सर्व सामग्री शेपटाकडे गेल्यामुळे पुढचा संपूर्ण भाग, मधला आस आणि खुद्द सांधा यांखालची जागा मोकळी झाली. फळी खाली आणण्यास आता अडसर उरला नव्हता. ती आणण्याची इच्छा तेवढी हवी होती.

ती इच्छा दुसऱ्याच दिशेने आली. श्टुटगार्टच्या नेओप्लान कारखान्याने १९७६ च्या सुमारास सखल तळाची शहरबस करून दाखविली होती, पण ग्राहकांनी तिला लागलीच उचलून धरले नाही. दरम्यान चाकाच्या खुर्चीतून फिरणारी माणसे, त्यांच्या संघटना आणि वृद्धांची वाढती लोकसंख्या यांचा आवाज वाढत गेला. अमेरिकेत १९९० साली अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा झाला आणि नव्या सार्वजनिक बसमध्ये खुर्चीसह चढता येणे ही कृपा न राहता हक्क ठरला. तेथील खात्यांनी आरंभी उंच गाड्यांना यांत्रिक पाळणे बसवून पाहिले. ते नादुरुस्त होत, त्यांना वेळ लागे, आणि एका माणसासाठी सारी गाडी खोळंबून त्या माणसाला विनाकारण सर्वांच्या नजरा झेलाव्या लागत. पायरीच नाहीशी केली तर पाळण्याची गरजच राहत नाही, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन कारखान्यांनी सिद्ध केले. ‘मान’ आणि मर्सिडीझ या कारखान्यांच्या सखल गाड्या १९८९ च्या आगेमागे रस्त्यावर आल्या. १९९१ साली कॅनडाच्या न्यू फ्लायर कंपनीने उत्तर अमेरिकेत त्यांचे अनुकरण केले. आणि १९९० च्या दशकाच्या आरंभीच अठरा मीटर लांबीची, सांध्याची आणि सखल तळाची, अशी तिन्ही गुणांनी युक्त गाडी युरोपातील शहरांत धावू लागली.

तिच्या अंतरंगातील कौशल्य थोडे समजून घेण्याजोगे आहे. मागील आस सरळ न ठेवता त्याचा मधला भाग चाकांच्या केंद्रापेक्षा खाली उतरविलेला असतो आणि शक्ती चाकापाशी पुन्हा दात्यांच्या चाकांनी वर नेली जाते. डिफरन्शियलचा गोळा मध्यभागी न ठेवता एका बाजूस सरकविलेला असतो, म्हणजे उतारूंची वाट त्याच्या शेजारून खालच्या पातळीवर जाऊ शकते. इंग्लंडातील ब्रिस्टल कंपनीने १९४९ साली आपल्या ‘लोडेक्का’ या दुमजली गाडीत मधला भाग असाच खाली उतरविलेला आस वापरला होता. फरक एवढाच, की तेथे हेतू छत कमी उंच करून पुलांखालून गाडी काढण्याचा होता. पाट्यांच्या जागी हवेच्या फुगीर पिशव्या येतात, आणि थांब्यावर त्यांतील हवा सोडून चालक गाडीची दाराकडील बाजू काही बोटे खाली झुकवू शकतो. मधला आस शक्तिहीन असल्यामुळे तो तर अधिकच सहजपणे खाली घेता येतो. अशा गाडीची फळी दाराशी जमिनीपासून सुमारे ३२० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका फुटाच्या वर राहते. पदपथाच्या कडेला ती नीट लागली तर राहिलेले अंतर एका घडीच्या पाटाने भरून निघते. बेल्जियममधील व्हान होल कंपनीने तर एंजिन उभे करून एका कुशीस लपविले आणि जवळजवळ सबंध लांबीभर सपाट वाट मोकळी केली. या सोयींचे मूल्यही द्यावे लागते, हे लपवू नये: चाकांवरचे उंचवटे आत येतात, आसनांची संख्या घटते, काही आसने चौथऱ्यावर चढवावी लागतात आणि देखभालीचा खर्च वाढतो.

हाच प्रश्न उलट बाजूनेही सोडविता येतो, आणि ब्राझीलमधील कुरितिबा शहराने तो तसा सोडविला. १९७४ पासून तेथे बससाठी राखीव मार्ग होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांवर काचेच्या नळीसारखी उंच स्थानके उभारण्यात आली आणि १९९२ साली दोन सांध्यांच्या, उंच फळीच्याच, प्रचंड गाड्या सोडण्यात आल्या. गाडी खाली न आणता जमीनच वर उचलली. अहमदाबादेत २००९ पासून आणि आपल्या पुण्याच्या ‘रेनबो’ या राखीव बसमार्गावर हीच पद्धत आहे. परंतु उंच फलाट फक्त त्याच मार्गावर उपयोगी पडतो. तेथून गाडी नेहमीच्या रस्त्याला लागली, की उतारूपुढे पुन्हा पायरी उभी राहते. केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली शहरबसचे जे मानक ठरविले, त्यात म्हणूनच ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा फळीच्या उंचींचा स्वतंत्र निर्देश आहे. बंगळूरात २००६ साली आलेल्या व्होल्वोच्या आणि पुढे दिल्लीत आलेल्या टाटांच्या सखल गाड्यांनी हिंदुस्थानातही ही विद्या रुळू शकते हे दाखवून दिले. मद्रास व बंगळूरकडील आपल्या देशी जोडबसांत मात्र सांधा आला तरी एंजिन पुढेच आणि फळी उंचच राहिली.

आता सातारा व सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. सांधा आणि सखलपणा एकत्र वाढले म्हणून ते सर्वत्र एकत्रच स्वीकारले पाहिजेत असे नाही. सातारा विभागातील महाबळेश्वर, मेढा, पाटण या आगारांच्या गाड्यांना जे घाट ओलांडावे लागतात, त्या पसरणी, आंबेनळी व कुंभार्ली यांच्या वाटांवर जोडबसचे काम नाही. पुष्कळांचा समज असा, की अठरा मीटरची गाडी वळणात मावणारच नाही. वस्तुतः सांध्यामुळे तिचे वळणाचे वर्तुळ साध्या बारा मीटर गाडीइतकेच राहते. खरी अडचण चढावर आहे, कारण तिच्या तीन आसांपैकी एकच आस साऱ्या देहाला ढकलतो, आणि श्रावणातल्या ओल्या डांबरावर त्या एका आसाची पकड पुरेशी पडेल याची हमी कोणता अभियंता देईल? सखल तळही तेथे गैरसोयीचा, कारण चढ जेथे एकाएकी सपाटीला मिळतो तेथे पोट रस्त्याला घासते. डोंगराच्या गाडीने उंच राहावे, हेच योग्य.

कृष्णाकाठची सपाटी मात्र निराळी आहे. सांगली ते मिरज हा मार्ग जेमतेम दहा किलोमीटरचा. त्यावर विश्रामबाग आहे, १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आहे, वॉनलेसवाडी आहे, आणि दोन्ही टोकांना बाजार व रुग्णालये आहेत. येथे गाडी दर थोड्या अंतरावर थांबते, उतारू थोडे अंतर जातात, त्यांत विद्यार्थी, रुग्ण, गवळणी, पेन्शनर यांची सरमिसळ असते, आणि प्रत्येक थांब्यावर पायऱ्यांनी खाल्लेली मिनिटे गाडीच्या फेऱ्या कमी करतात. गर्दी इतकी नाही की सांध्याची आवश्यकता भासावी. सखल तळाची बारा किंवा नऊ मीटरची साधी गाडी येथे पुरे. महापुराचा आक्षेप कोणी घेईल, आणि २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेने सांगलीत जे थैमान घातले ते पाहिलेल्या माणसाला तो क्षुल्लक वाटणार नाही. परंतु १९२९ च्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ओलांडली जाते तेव्हा उंच गाड्याही आगारातून निघत नाहीत, आणि वर्षातील त्या मोजक्या दिवसांसाठी उरलेले सारे वर्ष पायरी राखून ठेवावी, हे मला पटत नाही. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत तर बॅटऱ्या टपावर अगर पाठीमागे ठेवता येतात, लांब दांड्यांची गरज उरत नाही, आणि फळी खाली घेणे एरवीपेक्षा सोपे झालेले आहे.

याच कृष्णाकाठी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या अधिपतींनी दिलेल्या उजाड माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभारला, तो परदेशी नांगर इथल्या मातीला जुळवून घेण्यासाठी. गाडीच्या बाबतीत तेच काम अजून करावयाचे आहे. गाडी मागविण्यापूर्वी मिरज आणि सांगलीच्या थांब्यांवर पदपथाच्या कडा एकसारख्या, सुमारे दीडशे मिलिमीटर उंचीच्या बांधल्या पाहिजेत. अनधिकृत गतिरोधक काढून उरलेल्यांचा उतार सौम्य केला पाहिजे. थांब्यापुढे रिक्षा व हातगाड्या उभ्या राहणार नाहीत असा बंदोबस्त केला पाहिजे. आणि चालकांना गाडी कडेपासून वीतभरही दूर न ठेवता समांतर लावण्याचे शिक्षण दिले पाहिजे, कारण कडेपासून हातभर अंतरावर उभी केलेली सखल गाडी त्या वृद्धेला पुन्हा रस्त्यावर उतरावयास लावते. या चार गोष्टींपैकी एकीलाही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. महापालिका, बांधकाम खाते आणि परिवहनाचा सांगली विभाग यांनी एकत्र बसून मसुदा केला, तर पहिल्या दोन गोष्टी एका उन्हाळ्यात पुऱ्या होण्यासारख्या आहेत.